ड्युअल बूट

ड्युअल बूट म्हणजे एकाच संगणकावर दोन संचालन प्रणाली बसवून, संगणक सुरू करतेवेळी त्यांपैकी एकीची निवड करता येण्याची सोय होय. एका वेळी एकच प्रणाली कार्यरत असते. लॅपटॉपवर बहुधा विंडोज आधीपासून असते व तिच्या जोडीला उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली बसवली जाते. त्यासाठी डिस्कचे विभाजन करावे लागते.

विभाजन तक्ता

विभाजनाने डिस्कचे प्रत्यक्ष तुकडे होत नाहीत. कोणता विभाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो, याची नोंद डिस्कवरील तक्त्यात असते. १९८३ साली पीसी डॉस २.० सोबत आलेल्या एमबीआर पद्धतीत मुख्य विभाग चारच असू शकतात. नंतरच्या जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ विभागांची तरतूद असून तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते.

कार्यपद्धती

प्रथम विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ या साधनाने विंडोजचा विभाग लहान करतात व मोकळी झालेली जागा तशीच सोडतात. त्यानंतर पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून त्या जागेत लिनक्स बसवतात. यूईएफआय असलेल्या संगणकात दोन्ही प्रणालींचे बूट लोडर एका लहान सामाईक विभागात राहतात. तो विभाग पुसला गेल्यास दोन्ही प्रणाली सुरू होत नाहीत. प्रणाली निवडण्याची यादी बहुधा ‘ग्रब’ हा बूट लोडर दाखवतो.

दक्षता

* महत्त्वाच्या फायलींची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. त्याच डिस्कच्या दुसऱ्या विभागात ठेवलेली प्रत पुरेशी नसते, कारण डिस्क बिघडल्यास दोन्ही प्रती नष्ट होतात.
* बिटलॉकर सुरू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर नोंदवून ठेवावी. ती नसल्यास स्वतःचीच माहिती कायमची कुलूपबंद होऊ शकते.
* विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. अशा वेळी लिनक्समधून तिच्या विभागात लेखन केल्यास फायली खराब होऊ शकतात.
* लिनक्स बसवताना संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडू नये.

घड्याळातील फरक

लिनक्स संगणकाच्या अंतर्गत घड्याळात सामान्यतः जागतिक प्रमाणवेळ ठेवते, तर विंडोज त्यातील वेळ स्थानिक मानते. त्यामुळे भारतात लिनक्स वापरल्यानंतर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकते. हा बिघाड नसून लिनक्सला स्थानिक वेळ वापरण्यास सांगितल्यास तो फरक दूर होतो.