थव्याने राहणाऱ्या शांत माशांचे काचेच्या टाकीतील संगोपन

शोभिवंत माशांची टाकी घरात आणली की पहिल्या पंधरा-वीस दिवसांतच मासे मरतात, अशी अनेकांची तक्रार असते. बहुतेक वेळा त्याचे कारण रोग नसून नवीन टाकीतील अमोनिया, माशांची चुकीची निवड किंवा जास्त खाद्य हे असते. शोभिवंत मत्स्यपालन जोडधंदा म्हणून सुरू करायचे असेल, तर आधी घरातील एक टाकी वर्षभर नीट सांभाळून पाहावी. त्यासाठी थव्याने राहणारे, भांडखोर नसलेले छोटे मासे सर्वांत सोयीचे.

माशांची निवड

- झेब्रा डॅनिओ : भारतीय उपखंडातील मूळ मासा. लांबी साधारण ४ सें.मी. अंगावर निळसर आडवे पट्टे. अतिशय काटक, नवशिक्यांसाठी उत्तम.
- रोझी बार्ब : हाही आपल्याकडचाच. टाकीत ६ ते ८ सें.मी. वाढतो. कोवळ्या पाणवनस्पती कुरतडतो. याला ३ फुटी टाकी द्यावी.
- चेरी बार्ब : मूळचा श्रीलंकेतील, ४ ते ५ सें.मी.चा, स्वभावाने मवाळ.
- निऑन टेट्रा : दिसायला आकर्षक, पण ॲमेझॉन खोऱ्यातील मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. बोअरचे जड पाणी असेल तर सुरुवातीला टाळावा.

टायगर बार्ब इतर माशांचे पर कुरतडतो, त्यामुळे एंजल किंवा गुरामीसोबत ठेवू नये. मिस केरळ हा पश्चिम घाटातील मासा निसर्गात धोक्यात आलेला असून त्याला किमान ४ फुटी टाकी लागते.

एका जातीचे किमान ६ मासे एकत्र ठेवावेत. थवा हेच या माशांचे संरक्षण असते. एकटा किंवा जोडीने ठेवलेला मासा कोपऱ्यात दडतो, रंग फिका पडतो, खाणे कमी होते किंवा तो इतरांना त्रास देऊ लागतो. म्हणून "प्रत्येक रंगाचा एक" अशी खरेदी करू नये.

टाकी

२ फूट लांब, १ फूट रुंद आणि १५ इंच उंच टाकीत वापरण्याजोगे सुमारे ६० लिटर पाणी बसते. त्यात १० ते १२ झेब्रा डॅनिओ पुरेसे. हे मासे सरळ रेषेत वेगाने पोहतात, त्यामुळे उंच टाकीपेक्षा लांब टाकी घ्यावी. काच, वाळू आणि पाणी धरून वजन ८० किलोच्या पुढे जाते. स्टँड मजबूत व समपातळीत हवा. टाकी थेट उन्हात ठेवू नये, शेवाळ वाढते. डॅनिओ उड्या मारतात, म्हणून झाकण आवश्यक.

पाणी

- नळाच्या पाण्यातील क्लोरीन जाण्यासाठी पाणी उघड्या भांड्यात हवा सोडून २४ तास ठेवावे.
- बोअरच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. तेही २४ तास हवा देऊनच वापरावे.
- सामू ६.५ ते ७.५ आणि तापमान २२ ते २८ अंश सेल्सिअस असावे.
- जवळच्या माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेतून सामू, जडपणा व नायट्रेट तपासून घ्यावे.

टाकी पिकवणे

हा टप्पा वगळल्यामुळेच सर्वाधिक मासे मरतात. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. शेतात युरिया टाकल्यावर त्यातून तयार झालेल्या अमोनियाचे जिवाणू आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. टाकीतही हेच काम जिवाणूच करतात. ते फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वाढतात, पण नवीन टाकीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी आहेत. सामू व तापमान वाढले की अमोनियाची विषबाधा तीव्र होते, म्हणून उन्हाळ्यात अधिक जपावे.

ओळखीच्या निरोगी टाकीतील वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ कमी होतो. सुरुवातीला सहाच मासे सोडावेत. दर दोन-तीन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि महिन्याभराने उरलेले मासे आणावेत.

मासे सोडताना

पिशवी १५ ते २० मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी. नंतर थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत घालावे. मासे जाळीने उचलून सोडावेत, पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. पुढे आणलेले नवे मासे दोन आठवडे वेगळ्या भांड्यात निरीक्षणाखाली ठेवावेत.

रोजची देखभाल

- दिवसातून दोनदा, २ ते ३ मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. उरलेले खाद्य कुजून अमोनिया वाढतो.
- आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलावे. काढलेले पाणी फेकू नका, कुंड्यांना व परसबागेला घाला.
- स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाच्या पाण्याने धुतल्यास उपयोगी जिवाणू मरतात.
- वीज गेल्यास खाद्य देऊ नये. मगाने पाणी उचलून वरून ओतत राहिल्यास प्राणवायू मिळतो.

शेतकरी कुटुंबांनी घ्यायची विशेष काळजी

सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके अत्यल्प प्रमाणातही माशांना मारक असतात. फवारणीची बादली, मग किंवा पाइप टाकीसाठी कधीही वापरू नये. फवारणीहून आल्यावर साबणाने हात स्वच्छ धुतल्याशिवाय टाकीत घालू नयेत. घरात डासांचा फवारा मारताना टाकी झाकावी आणि एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवावा, कारण पंप खोलीतील हवाच पाण्यात सोडतो.

नको असलेले मासे

टाकीतील मासे विहीर, शेततळे, ओढा किंवा नदीत सोडू नयेत. चिलापी आपल्या जलाशयांत कशी पसरली, हे मच्छीमार जाणतात. काच साफ करण्यासाठी विकला जाणारा सकर मासाही उजनी जलाशयातील जाळ्यांत सापडू लागला आहे. नको असलेले मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या पालकाला द्यावेत.

पुढची पायरी

झेब्रा डॅनिओ अंडी विखरून टाकतो आणि स्वतःच खातो. तळाशी गोट्या किंवा जाळी ठेवल्यास अंडी वाचतात व दोन ते तीन दिवसांत पिल्ले बाहेर येतात. तिन्ही ऋतूंत टाकी स्थिर राहिली आणि पिल्ले जगवता आली, तरच मोठ्या टाक्यांवर खर्च करा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा समावेश करण्यात आला होता. सध्याचे अनुदान व अटींसाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी.