गेटपास, कुकी आणि उडालेला फॉर्म

मंडळी, परवा एका सरकारी वेबसाइटवर पोरीचा फॉर्म भरत होतो. चार पानं झाली, पाचव्यावर 'सेशन एक्स्पायर्ड'. पुन्हा पहिल्यापासून! सायबरवाला म्हणतो, "तुमचं नेट स्लो आहे." नेट ठणठणीत होतं. म्हटलं, जरा मागचा इतिहास सांगू.

वेब मुळात विसराळू. पान मागितलं, सर्व्हरने दिलं, विषय संपला. पुढच्या क्लिकला तुम्ही त्याला अनोळखी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली नावाचा तरुण इंजिनिअर होता. एका कंपनीला ऑनलाइन दुकान काढायचं होतं, पण गिऱ्हाइकाची अर्धवट खरेदी आपल्या सर्व्हरवर सांभाळायची नव्हती. माँटुलीने ती आठवण गिऱ्हाइकाच्याच कॉम्प्युटरवर ठेवली. ही छोटी चिठ्ठी म्हणजे कुकी. ब्राउझर ती दर वेळी सोबत पाठवतो.

गर्दी वाढली तसे एकाचे दहा सर्व्हर झाले आणि त्यांच्यापुढे काम वाटणारा लोड बॅलन्सर आला. आपल्या दापोड्यातलं गोडाऊन डोळ्यासमोर आणा. गेटवरचा वॉचमन म्हणजे लोड बॅलन्सर, डॉक म्हणजे सर्व्हर. गाडी ३ नंबर डॉकवर अर्धी खाली झाली, काट्यावर जाऊन परत आली आणि वॉचमनने ७ नंबरला पाठवली, तर तिथला सुपरवायझर काय म्हणेल? "कागद कुठेत?"

आधी गाडी कुठल्या ट्रान्सपोर्टची, यावरून डॉक ठरवून पाहिला, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेसवरून. पण एका ऑफिसातले पन्नास जण एकाच आयपीने बाहेर पडतात, सगळे एकाच डॉकवर! उलट अमेरिकेत एओएलच्या ग्राहकांचा आयपी प्रॉक्सीमुळे मधेच बदलायचा. तीच गाडी, दर खेपेला नवं ट्रान्सपोर्ट.

मग सुचलं, गेटपासवरच डॉक नंबर लिहा. तो गेटपास म्हणजे पुन्हा कुकीच. सिअ‍ॅटलच्या एफ-फाइव्ह कंपनीने यावर २००२ मध्ये पेटंट मिळवलं आणि २००३ मध्ये स्पर्धकांवर दावे ठोकले. गेटपासवर नंबर लिहायचं पेटंट, बोला! तिकडे फ्रान्सच्या विली तारोने २००१ मध्ये एचएप्रॉक्सी फुकट वाटलं, त्यातही ही सोय आहे.

आता गंमत बघा. सर्व्हरला काही सांभाळावं लागू नये म्हणून कुकी जन्मली, आणि इथे तीच आपल्याला त्या एकाच सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे बांधून ठेवते. ३ नंबर डॉकच बंद पडला तर गेटपास हातात असून काय उपयोग? शेवटच्या तारखेच्या गर्दीत असंही होतं. एक सर्व्हर कोलमडतो, तुम्ही दुसऱ्याकडे जाता, तिथे तुमची चार पानं नसतात. उपाय काही नवा नाही. प्रत्येक पान भरलं की ते सगळ्या सर्व्हरना दिसेल अशा सामायिक डेटाबेसमध्ये साठवायचं. टेंडर काढताना ही एक अट घालायला काय जातं? पण नाही, दोष आपल्या नेटचा!

पोरीचा फॉर्म रात्री अकराला गेला एकदाचा. तुमचा कुणाचा असा उडाला असेल, तर कितव्या पानावर आणि किती वाजता ते खाली लिहा. सगळं एकत्र करून लेखी तक्रार देऊ.