अंगठ्याखालचा खळगा

रुग्णाच्या घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर, अंगठ्याने काही क्षण दाब द्यावा, अंगठा उचलावा आणि त्वचेवर उमटलेला खळगा किती खोल आहे व किती वेळाने भरून येतो हे पाहावे, ही कृती परिचारिकेच्या शिक्षणात इतक्या आरंभी येते की तिच्यामागे दोन सहस्रकांच्या आसपासची कुळकथा उभी आहे याचे भान पुढे क्वचितच राहते. अमेरिकन मराठी मिशनच्या डॉक्टर ज्युलिया बिसेल यांनी स्त्रियांसाठी उभारलेले आणि पुढे साल्व्हेशन आर्मीकडे गेलेले नगरचे बूथ हॉस्पिटल घ्या, किंवा प्रवरा खोऱ्यातील साखर कारखान्याच्या मुलखात लोणीला वाढलेले रुग्णालय घ्या. अकोल्यापासून पाथर्डीपर्यंतच्या तालुक्यांतून येणारी ‘पाय सुजलेत’ ही फिर्याद तेथे नित्याची, आणि तिची पहिली चौकशी आजही अंगठ्यानेच होते.

चरकसंहितेत या सुजेला दोन स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत: सूत्रस्थानातील अठरावा आणि चिकित्सास्थानातील बारावा. वाताची सूज दाबली असता पुन्हा वर येते आणि दिवसा बळावते. कफाची सूज दाबली असता वर येत नाही आणि रात्री बळावते, असा भेद तेथे केलेला आहे. त्या दोषांना आजच्या हृद्रोगाची किंवा मूत्रपिंडाच्या विकाराची नावे चिकटविण्याचा मोह आपण आवरावा. परंतु सूज केवळ डोळ्यांनी न पाहता बोटाने दाबून पाहावी, आणि ती दिवसाच्या कोणत्या प्रहरी वाढते हेही विचारावे, ही शोधक दृष्टी मला फार थोर वाटते, कारण आजच्या वॉर्डातील परीक्षाही याच दोन पायांवर उभी आहे.

युरोपात मात्र अंगावर पाणी साचणे हाच एक रोग मानण्याची वहिवाट दीर्घकाळ चालली. श्रॉपशायरमधील एका वृद्धेच्या गावठी औषधातून डिजिटालिसची वनस्पती हेरून विल्यम विदरिंग याने १७८५ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्या औषधाने काहींची सूज झपाट्याने उतरे आणि काहींची मुळीच उतरत नसे. या तफावतीची उकल होऊ लागली ती लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये, जेथे रिचर्ड ब्राइट रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवी. ती पांढरी गढूळ झाली की तीत अल्ब्युमिन आहे हे कळे, आणि असे रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदनात त्यांची मूत्रपिंडे विकृत आढळत. १८२७ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. खळगा तोच, पण त्याची कुळे निराळी, हे प्रथम सिद्ध झाले ते एका चमच्याने.

अंगात पाणी का साचते, याची मीमांसा १८९६ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंगने केली. केशवाहिनीतील रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातील प्रथिने, मुख्यतः अल्ब्युमिन, ते आत धरून ठेवतात. हा तोल बिघडला आणि लसिकावाहिन्यांनाही निचरा आवरेनासा झाला, की पाणी ऊतींत साचते. मूत्रपिंडाच्या गाळणीतून अल्ब्युमिन वाहून गेले तर धरून ठेवणारी शक्ती खचते, आणि पापण्यांखालच्या सैल त्वचेत पाणी उतरून सकाळी उठताच चेहरा फुगलेला दिसतो. हृदय थकले तर शिरांमध्ये रक्त तुंबून ढकलणारा दाब वाढतो, आणि दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसाचे पाय संध्याकाळी जड होतात. यात खरी शोकांतिका अशी, की मूत्रपिंडाला शरीरातील पाण्याची मोजदाद थेट करता येत नाही, त्याला कळतो तो आपल्याकडे येणाऱ्या रक्ताचा ओघ. दुर्बळ हृदयामुळे तो मंदावला की शरीर कोरडे पडले आहे असे समजून मूत्रपिंड रेनिन या द्रव्याचा हुकूम सोडते आणि आधीच पाण्याने भरलेल्या देहात आणखी मीठ-पाणी साठविते. हे रेनिन १८९८ मध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडातून दाखवून दिले होते.

तिसरे कुळ फुप्फुसाचे, आणि आपल्या खेड्यांना तेच अधिक जवळचे. गोवऱ्या-काटक्यांच्या धुरात जन्म काढलेल्या स्त्रीच्या फुप्फुसात प्राणवायू उणा पडला की तेथील रक्तवाहिन्या आकसतात, त्यांच्यातून रक्त रेटता रेटता हृदयाचा उजवा भाग आधी जाड होतो, मग हरतो, आणि तिच्याही पायावर तोच खळगा पडतो. बिडीला कधी हात न लावलेल्या बायकांना हा विकार का व्हावा, याकडे डॉ. एस. पद्मावती यांनी दिल्लीतील रुग्णांच्या अभ्यासातून १९५० च्या दशकात लक्ष वेधले. म्हणून सुजल्या पायांच्या म्हातारीला स्वयंपाक कशावर करता हे विचारणे, तिची छाती तपासण्याइतकेच अगत्याचे आहे.

या परीक्षेची मर्यादाही परिचारिकेने ओळखली पाहिजे. खळगा उमटण्यापूर्वी प्रौढ देहात दोन-तीन लिटर पाणी मुरलेले असू शकते. म्हणून अंगठ्याच्या आधी वजनकाटा बोलतो, आणि एका दिवसात एक किलो वाढले तर ते सुमारे एक लिटर पाणीच समजावे. अंथरुणाला खिळलेल्याचे पाय कोरडे असतात तेव्हा सूज माकडहाडावर शोधावी लागते. रात्री आडवे झाल्यावर पायांतील पाणी रक्तात परतते आणि डाव्या बाजूने दुर्बळ झालेल्या हृदयामागे, फुप्फुसांत, तुंबते. तेव्हा पाय उतरल्याचा आनंद मानणाऱ्या नातेवाइकांना रुग्ण उशांना टेकून बसून का झोपतो हे विचारावे.

आणखी एक प्रश्न पाळेमुळे खणून विचारण्याजोगा आहे. पावसाळ्यात बांधावर पसरणारी घेटुळी, म्हणजेच पुनर्नवा, सुजेवर देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. तिच्यात पोटॅशियमचे क्षार बरेच असतात, आणि निकामी मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही, ते रक्तात साठले की हृदयाचा ताल बिघडतो. तेव्हा काढा चालू आहे का, किती दिवस, हे न रागावता विचारून केसपेपरावर त्याच दिवशीच्या वजनाशेजारी नोंदवून ठेवावे, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला आणि राउंडला येणाऱ्या डॉक्टरला दोन्ही एकदम दिसतील.