छातीवरच्या बॅजची कुळकथा

धाराशिव असो की उमरगा, कळंब असो की परंडा, एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक छोटा बॅज असायलाच हवा. दवाखान्यात त्याला नुसतं ‘टीएलडी’ म्हणतात : थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर, म्हणजे अंगावर पडलेल्या किरणांचं माप, अर्थात डोस, सांगणारा बॅज. त्याचं कूळ जळलेल्या हातांपर्यंत जातं.

राँटगेनने 1895 साली क्ष-किरण शोधले. ते दिसत नाहीत आणि लागल्याचं लगेच कळतही नाही. यंत्र नीट चालतंय का, हे सुरुवातीचे डॉक्टर स्वतःचाच हात समोर धरून पाहत. त्वचा किती लाल झाली, हेच बरीच वर्षं किरणांचं माप होतं. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली याचे दोन्ही हात कापावे लागले. 1904 मध्ये कर्करोगाने तो गेला.

पुढे 1940 च्या दशकात अमेरिकेच्या अणुप्रकल्पात फिल्म बॅज आला. फिल्म जितकी काळी, तितका डोस जास्त. भारतानेही तोच स्वीकारला, पण आपल्या उष्ण, दमट हवेत फिल्म टिकेना. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नंबी, बापट आणि गांगुली यांनी डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटसारख्या पदार्थांचा अभ्यास 1974 मध्ये प्रसिद्ध केला. याच कॅल्शियम सल्फेटचा बॅज 1975 पासून देशात वापरात आला.

बॅज उघडला की अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर तीन चकत्या दिसतात. एकीवर धातूचं झाकण, दुसरीवर प्लास्टिकचं, तिसरी उघडी. चकत्या किरणांची ऊर्जा साठवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्या की ती उजेड होऊन बाहेर पडते. उजेड जितका जास्त, तितका डोस जास्त. तिन्हींमधल्या फरकावरून किरणांचा प्रकार कळतो. मर्यादा ठरलेली आहे : सलग पाच वर्षांत 100 मिलिसिव्हर्ट (डोसचं एकक), आणि कोणत्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही.

हा बॅज किरण अडवत नाही, फक्त हिशेब ठेवतो. अडवायचं काम लेड अ‍ॅप्रनचं, अंतराचं आणि कमी वेळाचं. अ‍ॅप्रन ओलांडून शरीरापर्यंत किती किरण पोचले हे कळावं, म्हणून बॅज अ‍ॅप्रनच्या आत, छातीवर लावा. एक्स-रेच्या खोलीत खुंटीवर टांगून ठेवलात तर तो तुमचा नाही, त्या खुंटीचा डोस सांगेल. दर तीन महिन्यांनी बॅज वेळेवर प्रयोगशाळेत पाठवा आणि आलेला अहवाल स्वतः मागून वाचा. तो तुमच्या आयुष्याचा हिशेब आहे.