नंदनवनांतील घरें : नागपूरच्या गृहविक्रयांत तेजी कीं मंदी?

या त्रैमासिकाच्या पानांवर सनदा, महजर आणि बखरी यांची चर्चा नित्य होते. घरांच्या चालू भावाची चर्चा येथें कशासाठीं, असें वाचकांस वाटणें स्वाभाविक आहे. परंतु आमच्या मतें हा प्रश्न मूळचा साधनचिकित्सेचाच आहे. नागपूर शहर झपाट्यानें वाढत असून तेथें घरांच्या विक्रीस तेजी आली आहे, असें एक पक्ष म्हणतो. घरें बांधून पडलीं आहेत, गिऱ्हाईक मंद आहे, असें दुसरा म्हणतो. दोघेही आंकडे दाखवितात. कोणता आंकडा कशाचा पुरावा होऊं शकतो, याचा निवाडा केल्यावांचून हा वाद मिटणार नाहीं. आणि असा निवाडा करण्याची रीत जुन्या कागदांत वावरणारांस परिचित आहे. या विषयाकडे वळण्याचें दुसरेंही एक कारण आहे, तें शेवटीं सांगूं.

विवेचनासाठीं आम्ही पूर्व नागपुरांतील नंदनवन ही वस्ती समोर ठेविली आहे. नंदन म्हणजे आनंद देणारें. तें इंद्राच्या उद्यानाचें नांव. पुराणांतील पारिजात तेथलाच. तेथील वास्तव्य मात्र मुदतबंद असे. पुण्य सरलें कीं भूलोकीं परतावें लागे. नागपूरच्या नंदनवनांतील रहिवाशांस ही अट नाहीं; त्यांचा हक्क खरेदीखतावर किंवा पट्ट्यावर अवलंबून आहे.

स्थलनामें हीं शहराच्या वाढीच्या थरांचीं साक्षीदार असतात. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानें इ. स. १७०२ च्या सुमारास ‘राजापूर बारसा’ या बारा वाड्या जोडून नागपूर वसविलें. त्याच्या मागून चांद सुलतानानें तेथें राजधानी आणली. पहिले रघूजी भोसले यांच्या हातीं १७४३ च्या सुमारास सत्ता आल्यावर महाल, इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, चिटणीसपुरा, चितार ओळ अशीं वाराचीं, अधिकाराचीं आणि कसबाचीं नांवें रूढ झालीं. इंग्रजी अमलानें ‘सिव्हिल लाइन्स’ आणली. त्यानंतरचा थर ‘नगर’ व ‘ले-आउट’ यांचा आहे. पेठेचें नांव तेथील बाजार किंवा धंदा सांगतें. ‘नंदनवन’ हें नांव तसें कांहीं सांगत नाहीं, तें येणाऱ्यास सुखाचें आश्वासन देतें. घर हा विक्रीचा माल झाल्यावरच अशीं नांवें पडतात, असें आमचें अनुमान आहे.

आतां लोकसंख्येकडे वळूं. नागपूरची राजधानी दोनदां गेली, आणि दोन्ही प्रसंगांची तुलना बोधप्रद आहे. रेसिडेंट जेंकिन्स याचा अहवाल १८२७ चा. त्या काळीं शहराची वस्ती एक लाखाच्या वर होती. पुढें १८५३ त तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीनें राज्य खालसा केलें. १८७२ च्या खानेसुमारींत आंकडा येतो ८४,४४१. दोन्ही मोजण्यांची हद्द एकच होती असें गृहीत धरतां येत नाहीं. तथापि दरबार गेला कीं दरबारावर जगणारीं घरें रिकामीं होतात, ही गोष्ट या घसरणीशीं सुसंगत आहे. १८६१ त मध्यप्रांताचें मुख्य ठाणें, १८६७ त रेल्वे आणि १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल, अशा तीन कारणांनीं पोकळी भरून निघाली. १८८१ त ९८,२९९, १८९१ त १,१७,०१४ आणि १९०१ त १,२७,७३४ अशी चढती कमान दिसते.

यानंतर १९११ चा आंकडा एकदम सुमारें १ लाख १ हजारावर उतरतो. त्या आंकड्यावरून शहर बुडालें असें कोणी म्हटलें असतें, तर तें दहा वर्षांतच खोटें ठरतें. कारण १९२१ त वस्ती सुमारें १ लाख ४५ हजार झाली. मधलें कारण प्लेगाचें होतें. एकट्या आंकड्यावर विसंबून तेजी-मंदीचा निर्णय देऊं नये, याचा यापरता दाखला नको.

दुसऱ्यांदा राजधानी गेली ती १ नोव्हेंबर १९५६ रोजीं. या वेळीं मात्र शहर आटलें नाहीं. १९५१ त सुमारें ४ लाख ४९ हजार असलेली वस्ती १९६१ त सुमारें ६ लाख ४४ हजार झाली. म्हणजे वाढ शेंकडा त्रेचाळीस. १८५३ त नागपूर दरबारावर उभें होतें. १९५६ त तें गिरण्या, रेल्वे, १९२३ सालीं स्थापन झालेलें विद्यापीठ, उच्च न्यायालयाचें खंडपीठ आणि व्यापार अशा अनेक खांबांवर उभें होतें. एक खांब गेला तरी आढें पडलें नाहीं. घरांच्या मागणीचें मूळ उपजीविकेच्या या विविधतेंत आहे. तीच एम्प्रेस मिल आतां बंद होऊन तिच्या जागेवर निवासी व व्यापारी इमारती उभ्या राहिल्या आहेत. ज्या गिरणीनें घरांस मागणी आणली, तिचीच जमीन पुढें घरांचा पुरवठा झाली.

अलीकडील खानेसुमाऱ्या येणेंप्रमाणें आहेत : १९८१ त १२,१९,४६१, १९९१ त १६,२४,७५२, २००१ त २०,५२,०६६, २०११ त २४,०५,६६५. यांवरून दशवार्षिक वाढ अनुक्रमें शेंकडा ३३.२, २६.३ आणि १७.२ अशी निघते. परंतु माणसांच्या संख्येंत ही वाढ ४ लाख ५ हजार, ४ लाख २७ हजार आणि ३ लाख ५४ हजार अशी आहे. १९९१ ते २००१ या दशकापुरतें पाहिलें तर दर पाहणारा मंदी म्हणेल, संख्या पाहणारा तेजी म्हणेल, आणि दोघेही एकाच कोष्टकावर बोट ठेवतील. त्यानंतरच्या दशकांत दर व संख्या दोन्ही उतरलीं आहेत. तरी येथें दोन सावधगिऱ्या पाहिजेत. पहिली अशी कीं, घरें माणसें मोजून लागत नाहींत, चुली मोजून लागतात. आठ माणसांचें एकत्र कुटुंब विभक्त होऊन तीन बिऱ्हाडें झालीं, तर लोकसंख्या एकानेंही न वाढतां दोन घरें अधिक लागतात. जुने लोक गांव उंबऱ्यांनीं मोजीत, तें यासाठींच योग्य होतें. दुसरी अशी कीं, शहर हद्दीबाहेर वाढत होतें. हुडकेश्वर आणि नरसाळा हीं गांवें २०११ नंतर महानगरपालिकेंत आलीं. २०२१ ची खानेसुमारी झालीच नाहीं. नव्या खानेसुमारीची अधिसूचना १६ जून २०२५ रोजीं निघाली आणि तिचें साल २०२७ ठरलें. तोंवर ‘झपाट्यानें वाढणारें शहर’ हें विशेषण २०११ च्या आधारावर सिद्ध होत नाहीं.

जमिनीच्या हक्काचा इतिहासही ध्यानांत घेतला पाहिजे. कारण भाव घराचा असला तरी तो पुष्कळ अंशीं कागदाचा असतो. नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा १९३६ चा. आजूबाजूच्या गांवांची मालगुजारी १९५० च्या कायद्यानें ३१ मार्च १९५१ पासून संपली. १९७६ त नागरी जमीनधारणेवर कमाल मर्यादा आली. ती महाराष्ट्रांत २००७ त उठली. दरम्यान शहराच्या कडेच्या शेतजमिनी मंजुरीवांचून तुकडे पाडून विकल्या गेल्या. नागपुरांत ‘५७२’ आणि ‘१९००’ या नुसत्या संख्यांनीं ओळखले जाणारे ले-आउट ते हेच. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि त्यांतील २०२१ ची दुरुस्ती यांनीं नियमितीकरणाची वाट करून दिली. प्रन्यासाच्या नियमितीकरणाच्या पत्रास लोक ‘आर. एल.’ म्हणतात, तें हातीं असलेला भूखंड आणि नसलेला भूखंड यांमध्यें भिंत एकच असली तरी भाव एक नसतो. याखेरीज १ मे २०१७ पासून महारेराचा अंमल सुरू झाला आणि बांधकामाच्या नव्या योजनांस नोंदणी आवश्यक झाली. तेव्हां एखाद्या वर्षीं भाव वाढला, तर तो मागणीनें वाढला कीं कागद शुद्ध झाल्यानें वाढला, हें वेगळें काढल्यावांचून त्यास तेजी म्हणतां येत नाहीं.

प्रत्यक्ष मूल्यांचा पुरावा तीन प्रकारचा आहे. पहिला, नोंदणी विभागाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्यास व्यवहारांत ‘रेडी रेकनर’ म्हणतात. १ एप्रिल २०२२ नंतर तीन वर्षांनीं, १ एप्रिल २०२५ रोजीं, त्यांत वाढ झाली. ती नागपूर महानगरपालिकेच्या क्षेत्रांत सरासरी ४.२३ टक्के आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रांत ६.६० टक्के अशी ठरली. तीन वर्षांवर वांटली असतां शहरांतील वाढ सालीना दीड टक्क्याच्याही आंत येते आणि त्या काळच्या महागाईच्या मागें राहते. हा पुरावा जसाच्या तसा घेतला तर मंदीचा पक्ष जिंकतो. परंतु तक्ता हा मुद्रांकशुल्काच्या आकारणीसाठीं केलेला सरकारी कागद आहे. त्यांतील रक्कम म्हणजे बाजारांतील भाव नव्हे. त्याच्या निरपेक्ष आंकड्यावर विश्वास ठेवूं नये. मात्र एकाच कर्त्यानें, एकाच हेतूनें, एकाच दिवशीं लिहिलेल्या दोन आंकड्यांतील फरक विश्वसनीय मानण्यास हरकत नाहीं, कारण कर्त्याचा दोष दोहोंकडे सारखाच असतो. तो फरक असें सांगतो कीं, वाढीचा जोर शहराच्या पोटांत नसून कडेला आहे.

दुसरा पुरावा निर्देशांकांचा. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या पन्नास शहरांच्या ‘रेसिडेक्स’मध्यें नागपूर आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांकांत मात्र पूर्वीं दहाच शहरें होतीं. २०२२-२३ हें पायाभूत वर्ष धरून केलेल्या नव्या मांडणींत तीं अठरा झालीं, तेव्हां नागपुराचा समावेश झाला. त्यापूर्वीं त्या दहा शहरांच्या सरासरीवरून नागपुराविषयीं काढलेलीं अनुमानें म्हणजे साताऱ्याच्या रोजकीर्दीवरून नागपूरच्या भोसल्यांचा खर्च ठरविण्यासारखें होय.

तिसरा आणि आमच्या मतें सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे स्वतः खत. प्रत्येक नोंदलेल्या खताच्या सूची क्रमांक दोनमध्यें ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन रकाने असतात. शुल्क अधिक रकमेवर पडत असल्यामुळें मोबदला बाजारभावाच्या बरोबरीस आणून ठेवण्याचा मोह पक्षकारांस असतो. म्हणून दोन्ही रकमा तंतोतंत जुळल्या तर खत मुकें समजावें. मोबदला वर गेला तर तें बोलूं लागलें. नंदनवनासारख्या वस्तींत, जेथें एका कुटुंबाच्या घराच्या जागीं सदनिकांची इमारत उभी राहते, तेथें एकाच भूखंडाचीं लागोपाठचीं खतें ओळीनें लावावीं. तुलना सारख्या वस्तूची होईल आणि उत्तर त्यांतूनच निघेल.

हा विचार नवा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तिसऱ्या अधिकरणांत वास्तुविक्रयाचें प्रकरण आहे. नातलग, शेजारी आणि धनको यांस क्रमानें खरेदीचा पहिला हक्क; शेजारच्या चाळीस कुळांसमक्ष घरापुढें विक्रीची घोषणा; किंमत तीनदां पुकारणें; आणि बोली चढून किंमत वाढली तर ती वाढ शुल्कासह राजकोशांत, अशी तेथील व्यवस्था आहे. स्पर्धेनें चढलेली किंमत ही मालकाची कमाई नव्हे, हें त्यांतील तत्त्व. सुधार प्रन्यासाच्या कायद्यांतील सुधारणा-आकाराची कल्पना याच जातीची आहे : रस्ता सार्वजनिक पैशानें होतो, तेव्हां त्यानें वाढलेल्या मूल्यांतील कांहीं भाग सार्वजनिक कोशांत यावा. ११ डिसेंबर २०२२ रोजीं मेट्रो पूर्वेस प्रजापतीनगरापर्यंत गेली आणि त्याच दिवशीं समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. या वाढीचा वांटा कोणास मिळतो, हा कौटिल्याचा प्रश्न आजही उभा आहे. फरक एवढाच कीं, त्या काळीं किंमत चाळीस कुळें ऐकत. आजची खरी किंमत कित्येकदां दोघेच जाणतात.

आतां निष्कर्ष. नागपूरच्या लोकसंख्येच्या वाढीचा वेग १९८१ पासून २०११ पर्यंत उतरत आला आहे. मूल्यवाढीचा जोर कडेला सरकला आहे. आणि मधल्या वस्त्यांत घरें वाढण्यापेक्षां बदलत आहेत. म्हणून ‘तेजी’ हा शब्द कडेच्या जमिनीस लावावा, सबंध शहरास लावूं नये. नंदनवन या दोहोंच्या मध्यें आहे : तें महालाइतकें जुनें नाहीं आणि कडेइतकें नवें नाहीं.

शेवटीं सांगूं म्हटलेलें कारण हें. घर बदलतें तेव्हां कागद बाहेर पडतात. महालांतील एक वाडा विकला गेला असें कळल्यावरून आम्ही दुसऱ्या दिवशीं तेथें गेलों. माळ्यावरचें मोडी दप्तर अर्धें तागडींतून निघून गेलें होतें. उरलेल्यांत एक गहाणखत होतें. त्याच्या चतुःसीमेंत ज्या ओळीचें नांव आहे, ती ओळ आज कोणास दाखवितां येत नाहीं. मागचीं-पुढचीं खतें हातीं असतीं तर ती जागा ठरविणें शक्य झालें असतें. नवा मालक सज्जन होता. त्यास तो कागद आहे हेंच ठाऊक नव्हतें, आणि आम्ही एक दिवस उशिरां पोंचलों होतों.

सबब संग्राहकांस आमची विनंती अशी आहे. वाडा विकाऊ असल्याची वार्ता येतांच मालकास भेटावें. कागद मिळाले नाहींत तरी खतांच्या चतुःसीमा उतरून घ्याव्या. आणि नंदनवनासारख्या वस्त्यांतील पट्टे, नियमितीकरणाचीं पत्रें व पहिलीं खरेदीखतें यांच्याही नकला ठेवाव्या. तीं आज सामान्य वाटतात. पेठांचीं गहाणखतेंही त्या काळीं सामान्यच होतीं. घरांचा बाजार चढो कीं उतरो, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जुन्या घरांत आपलें काम आहे, आणि तें व्यवहार पुरा होण्यापूर्वींच करावयाचें आहे.