प्रभुभोजनाचे मेज : मारबुर्गपासून नाशिकपर्यंत

नाशिक या नावाचे दोन ख्रिस्ती धर्मप्रांत आहेत, ही गोष्ट बाहेरगावच्या वाचकांना बहुधा ठाऊक नसते. आपला कॅथोलिक धर्मप्रांत १५ मे १९८७ रोजी स्थापन झाला. त्याआधी, १९२९ साली, अँग्लिकन पंथाने मुंबईपासून वेगळा काढलेला नाशिक धर्मप्रांत अस्तित्वात आला होता व तो १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त चर्चचा भाग आहे. दोन्हींकडील कुटुंबांत सोयरिकी होतात, नाताळचा फराळ एकमेकांकडे जातो, अंत्यविधीला सारे एकत्र उभे राहतात. वेदीपाशी मात्र वाटा वेगळ्या होतात. एका घरातील पत्नी कम्युनियनला जाते, पती बाकावर बसून राहतो. पुढच्या रविवारी त्याच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असते, तेव्हा बसून राहण्याची पाळी तिची असते.

‘ते प्रॉटेस्टंट आहेत’ एवढे उत्तर अशा वेळी पुरेसे समजले जाते. परंतु प्रॉटेस्टंट मंडळींचे या संस्काराविषयी एकमत कधीच नव्हते. चळवळ सुरू होऊन दहा वर्षे होतात न होतात तोच ते एकमेकांच्या मेजावरून उठून गेले, आणि त्यांना पुन्हा एकत्र बसविण्याचे प्रयत्न लगोलग सुरू झाले. त्या प्रयत्नांचा एक धागा नाशिकपर्यंत येऊन पोहोचला आहे.

वादाचे मूळ एका क्रियापदात आहे. अखेरच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने भाकर हाती घेऊन तिला आपले शरीर म्हटले. भाकर व द्राक्षारस यांचे बाह्य रूप तसेच राहते, परंतु त्यांचे सत्त्व ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात पालटते, असे ख्रिस्तसभेने १२१५ च्या चौथ्या लॅटेरन परिषदेत अधिकृतपणे नोंदविले. मार्टिन ल्यूथर यांनी १५२० साली या विवेचनावर व मिस्सा हे बलिदान आहे या शिकवणुकीवर आघात केला. ख्रिस्त तेथे खरोखर, सदेह उपस्थित आहे हा विश्वास मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. झुरिकचे उलरिक झ्विंग्ली यांची भूमिका निराळी होती. प्रभूच्या त्या वाक्यातील ‘आहे’चा अर्थ ‘दर्शविते’ असा घ्यावा. ख्रिस्ताचे मानवी शरीर स्वर्गात पित्याच्या उजवीकडे आहे, ते एकाच वेळी असंख्य वेदींवर कसे असेल, असा त्यांचा प्रश्न होता. ल्यूथर यांचे उत्तर असे की, देवाचा उजवा हात म्हणजे काही एखादे आसन नव्हे. देव सर्वत्र आहे, म्हणून तो हातही सर्वत्र आहे. १५२५ नंतर दोन्ही बाजूंनी पुस्तिकांचा पाऊस पडला. त्यांतील भाषा धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना शोभणारी नव्हती.

एकोप्याचा पहिला मोठा प्रयत्न एका राज्यकर्त्याने केला. एप्रिल १५२९ मध्ये स्पायर येथील साम्राज्यसभेत सुधारणावादी संस्थानिकांनी व नगरांनी आपला निषेध नोंदविला. ‘प्रॉटेस्टंट’ हे नाव त्यातूनच आले. सम्राट पाचवा चार्ल्स याच्याशी संघर्ष अटळ दिसत होता. जर्मन संस्थाने व स्विस नगरे यांची युती व्हावी अशी हेसचा तरुण अधिपती फिलिप याची इच्छा होती. परंतु ज्यांच्याशी विश्वास जुळत नाही त्यांच्याशी शस्त्रांचा करार करणे धर्मशास्त्र्यांना मान्य नव्हते. म्हणून ऑक्टोबर १५२९ च्या आरंभी त्याने दोन्ही पक्षांना मारबुर्ग येथील आपल्या किल्ल्यात पाचारण केले. हेतू राजकीय होता हे खरे. पण राजकारणी माणसाने का होईना, दोघांना समोरासमोर आणले, ही गोष्ट लहान नाही. ल्यूथर आणि झ्विंग्ली आयुष्यात भेटले ते तेवढ्या एकाच वेळी.

पहिल्या दिवशी यजमानांनी शहाणपण दाखविले. दोन तापट माणसांची गाठ प्रथमच घालून न देता त्यांनी ल्यूथर यांना बासेलच्या सौम्य स्वभावाच्या इकोलांपाडियस यांच्यासमवेत, तर झ्विंग्ली यांना मेलांक्थन यांच्यासमवेत बसविले. मुख्य वाद २ व ३ ऑक्टोबरला झाला. ल्यूथर यांनी आरंभीच मेजावर खडूने प्रभूचे ते वाक्य लॅटिनमध्ये लिहिले व वरून मखमली आच्छादन घातले. झ्विंग्ली यांनी योहानच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायाचा आधार घेतला. देहाचा काही उपयोग नाही, आत्माच जीवन देतो, असे तेथे प्रभू स्वतः सांगतो. हा उतारा आपल्या मानेवर बसेल असे ते म्हणताच ल्यूथर उत्तरले की येथे माना इतक्या सहजी मोडत नाहीत, हे स्वित्झर्लंड नव्हे. शास्त्रवचनाचा भक्कम पुरावा मागितला गेला तेव्हा ल्यूथर यांनी आच्छादन बाजूला केले आणि खडूच्या अक्षरांकडे बोट दाखविले. त्यापुढे युक्तिवादाला जागाच उरली नाही. दरम्यान घामाच्या तापाची साथ पसरू लागल्याने मंडळींना निघण्याचीही घाई झाली.

तरीही मारबुर्गची बैठक निष्फळ म्हणणे योग्य नाही. निघण्यापूर्वी फिलिपच्या आग्रहावरून पंधरा कलमांचा मसुदा झाला व त्यावर दोन्ही पक्षांनी सह्या केल्या. त्रैक्य, ख्रिस्ताचे मनुष्यत्व, मूळपाप, श्रद्धा, बाप्तिस्मा अशा चौदा कलमांवर पूर्ण एकमत होते. पंधराव्या कलमातही बरेच काही समान होते: भाविकांना भाकर व प्याला दोन्ही मिळावेत, मिस्सा हे दुसऱ्यासाठी करावयाचे पुण्यकर्म नव्हे, आणि आध्यात्मिक सेवन सर्वांना आवश्यक आहे. ख्रिस्ताचे खरे शरीर भाकरीत देहरूपाने आहे की नाही, एवढ्या एका मुद्द्यावर एकमत झाले नाही असे कलमातच प्रांजळपणे लिहिले आहे. झ्विंग्ली यांनी डोळ्यांत पाणी आणून बंधुत्वाचा हात मागितला असे वृत्तांत सांगतात. ल्यूथर यांनी परस्परांशी प्रेमाने वागण्याचे मान्य केले, ‘बंधू’ म्हणण्याचे मात्र नाकारले. दोन वर्षांनी, ११ ऑक्टोबर १५३१ रोजी, झ्विंग्ली काप्पेलच्या रणांगणावर मारले गेले. पुढच्या महिन्यात इकोलांपाडियसही वारले.

मारबुर्गला आणखी एक गृहस्थ हजर होते, आणि या इतिहासात सर्वांत अधिक पायपीट त्यांनीच केली आहे. स्ट्रासबुर्गचे मार्टिन बुत्सर मूळचे डॉमिनिकन संन्यासी. ल्यूथर यांच्या प्रभावाने ते सुधारणेकडे वळले, संस्काराच्या प्रश्नावर झ्विंग्ली यांच्याकडे झुकले, आणि पुढे दोघांच्या मध्ये उभे राहिले. हा वाद बव्हंशी शब्दांचा आहे अशी त्यांची धारणा होती. १५३० च्या आउग्सबुर्ग साम्राज्यसभेत प्रॉटेस्टंटांनी एक नव्हे, तीन वेगवेगळी विश्वासपत्रे मांडली: ल्यूथर यांच्या अनुयायांचे एक, स्ट्रासबुर्गसह चार नगरांचे दुसरे, झ्विंग्ली यांचे तिसरे. ती नामुष्की पाहून बुत्सर यांनी गावोगाव हिंडून, पत्रे लिहून, मसुदे फिरवून सहा वर्षे घालविली.

त्याचे फळ मे १५३६ मध्ये विटेनबर्गच्या करारात मिळाले. मसुदा मेलांक्थन यांचा होता. ‘भाकरीत’ऐवजी ‘भाकरीसह’ असा शब्द निवडला गेला: भाकरी व द्राक्षारसासह ख्रिस्ताचे शरीर व रक्त खरोखर व सत्त्वतः उपस्थित असते, दिले जाते व स्वीकारले जाते. अडचण होती ती अपात्र माणसाची. श्रद्धा नसलेल्याने भाकर घेतली तर त्यालाही ख्रिस्तशरीर मिळते काय? ल्यूथर यांच्या दृष्टीने मिळते, कारण उपस्थिती घेणाऱ्यावर अवलंबून नाही. दक्षिण जर्मन नगरांना हे पटत नव्हते. तेव्हा ‘अधार्मिक’ हा शब्द टाळून पौलाच्या पत्रातील ‘अयोग्य’ हा शब्द वापरण्यात आला. म्हणजे श्रद्धा आहे, पण सिद्धता नाही, असा मनुष्य. दोन्ही पक्षांनी त्या शब्दात आपापला अर्थ वाचला व सह्या केल्या. शब्दाच्या आडोशाने साधलेला हा समेट काहींना लबाडीचा वाटतो. पण दक्षिण जर्मनीतील नगरे त्यायोगे कायमची एका मेजावर आली, हेही विसरता येत नाही. स्विस नगरांनी मात्र करार नाकारला.

स्विस बाजूचा समेट जॉन कॅल्व्हिन यांनी घडविला. भाकर निव्वळ चिन्ह नाही आणि ख्रिस्त भाकरीत उतरतही नाही. पवित्र आत्मा श्रद्धावंताला स्वर्गस्थ ख्रिस्ताशी जोडतो, अशी त्यांची मध्यम मांडणी होती. मे १५४९ मध्ये ते झुरिकला गेले आणि झ्विंग्ली यांचे उत्तराधिकारी हाइनरिख बुलिंगर यांच्याशी त्यांनी सव्वीस कलमांवर सहमती केली. हा मसुदा १५५१ मध्ये छापला गेला आणि पुढच्याच वर्षी हाम्बुर्गचे ल्यूथरपंथी योआखिम वेस्टफाल यांनी त्यावर हल्ला चढविला. जिनिव्हा व झुरिक एक झाले, त्याच वेळी विटेनबर्ग आणखी दूर गेले. त्यानंतर पोलंडमध्ये १५७० साली सांडोमिर येथे ल्यूथरपंथी, कॅल्व्हिनपंथी व बोहेमियन बंधू यांचा समझोता झाला; पण जर्मनीत १५७७ च्या ल्यूथरपंथी विश्वाससूत्राने दार लावून घेतले. ते युरोपात उघडले १९७३ मध्ये, बासेलजवळच्या लॉयेनबेर्ग येथील करारान्वये, म्हणजे मारबुर्गनंतर ४४४ वर्षांनी.

नाशिककडे येणारा धागा इंग्लंडमार्गे येतो. सम्राटाच्या दबावामुळे स्ट्रासबुर्ग सोडावे लागलेले बुत्सर १५४९ मध्ये आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांच्या निमंत्रणावरून केंब्रिजला आले. क्रॅन्मर यांनी त्याच वर्षी प्रार्थनापुस्तक प्रसिद्ध केले होते. बुत्सर यांनी त्यावर सविस्तर अभिप्राय लिहिला व १५५१ मध्ये ते वारले. (राणी मेरीच्या काळात, १५५७ साली, त्यांचे शव उकरून जाळण्यात आले. ही गोष्ट कॅथोलिक वाचकांनीही जाणून घ्यावी.) १५४९ च्या पुस्तकात भाकर देताना म्हणावयाचे शब्द ख्रिस्ताच्या शरीराचा थेट उल्लेख करणारे होते. १५५२ च्या आवृत्तीत ते काढून, ख्रिस्ताच्या मरणाची आठवण ठेवून खाण्यास सांगणारे शब्द घातले गेले. १५५९ मध्ये राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत दोन्ही वाक्ये एकापुढे एक जोडण्यात आली. ल्यूथर यांच्या बाजूचा माणूस पहिल्या वाक्यावर आमेन म्हणू शकत होता, झ्विंग्ली यांच्या बाजूचा दुसऱ्यावर. मारबुर्गला जे दोन दिवसांच्या वादाने साधले नाही ते येथे एका जोडवाक्याने, निदान वेदीपुरते, साधले.

हेच प्रार्थनापुस्तक एकोणिसाव्या शतकात मराठीत आले. अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटीचे कार्य नाशिकला १८३२ मध्ये सुरू झाले. पुढे शरणपूरची वसाहत उभी राहिली. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) व सोलापूर भागात अमेरिकन मराठी मिशन होते. त्याची परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे कॅल्व्हिन व झ्विंग्ली यांच्या कुळातील. पुणे व मुंबईत स्कॉटिश मिशनचे प्रेस्बिटेरियन होते. मिशनांनी आपसांत प्रदेश वाटून घेतल्याने कोणत्या तालुक्यात राहता यावर प्रभुभोजनाची समजूत ठरू लागली. नगरहून नोकरीसाठी नाशिकला आलेल्या मंडळीच्या सभासदाने शेतात वा शाळेत झ्विंग्ली हे नाव ऐकलेही नसेल. पण अँग्लिकन नियमाप्रमाणे दृढीकरण झाल्याखेरीज किंवा त्याची तयारी असल्याखेरीज त्याला तेथील मेजावर जाता येत नसे. दोन विद्वान मराठी ख्रिस्ती व्यक्तींकडे पाहिले तरी हे अंतर दिसते: नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे संस्कारांना केंद्रस्थानी मानणाऱ्या अँग्लिकन संन्यासी संघात उमेदवार म्हणून राहिले, तर नाशिकला शिकलेले कविवर्य नारायण वामन टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन अमेरिकन मिशनच्या मंडळीत आले.

प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या. झुरिकचा समेट पाठीशी असल्याने हे त्या मानाने सोपे होते. अँग्लिकनांसह व्यापक ऐक्याची बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली. त्याच वर्षी नाशिकचा अँग्लिकन धर्मप्रांत फिलिप लॉइड या पहिल्या बिशपांच्या हाती सोपविला गेला, आणि मारबुर्गला तेव्हा बरोबर चारशे वर्षे होत होती. बोलणी चाळीस वर्षे चालली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स व ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट अशा सहा प्रवाहांतून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया निर्माण झाले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या चाळीस वर्षांत भाकरीत काय असते यावर फारसे अडले नाही. अडले ते भाकर कोणी मोडावी यावर. बिशपांच्या हस्ते दीक्षित झालेला पाळक आणि मंडळीने नेमलेला पाळक यांना एकाच पंक्तीत कसे आणावयाचे? उद्घाटनाच्या वेळी हस्तार्पण व प्रार्थनेचा एक समान विधी करून हा प्रश्न सोडविण्यात आला. बाप्तिस्म्याबाबत बालकांचा व प्रौढांचा असे दोन्ही प्रघात मान्य झाले. भारतातील ल्यूथरपंथी चर्चेस या ऐक्यात आल्या नाहीत; दक्षिणेत १९४७ साली झालेल्या ऐक्यातही त्या नव्हत्या.

कॅथोलिक ख्रिस्तसभेपुढे मात्र दोन्ही प्रश्न उभे आहेत, भाकरीचाही आणि ती मोडणाऱ्याचाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९६ मध्ये अँग्लिकन दीक्षा ग्राह्य नसल्याचा निर्णय दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ मधील ख्रिस्ती ऐक्यविषयक आदेशात म्हटले आहे की, दीक्षासंस्काराच्या अभावी या मंडळ्यांत ख्रिस्तशरीर-संस्काराचे रहस्य पूर्णत्वाने टिकलेले नाही. तथापि ते प्रभूच्या मरणाचे व पुनरुत्थानाचे स्मरण करतात आणि त्याच्या गौरवी आगमनाची वाट पाहतात. १९८३ च्या धर्मसंहितेतील ८४४ व्या कलमानुसार कॅथोलिक व्यक्तीने प्रभुभोजन घेऊ नये असाच याचा व्यावहारिक अर्थ होतो. उलट बाजूने, मृत्यूचा धोका असता, किंवा बिशपांच्या मते अन्य गंभीर निकड असता, ज्याला स्वतःचा पाळक उपलब्ध नाही, जो स्वतःहून मागणी करतो, या संस्काराविषयी कॅथोलिक विश्वास प्रकट करतो आणि योग्य सिद्धतेत आहे, अशा अन्य बाप्तिस्माप्राप्त ख्रिस्ती व्यक्तीला कॅथोलिक धर्मगुरू कम्युनियन देऊ शकतात. मिश्रविवाहाचा विधी सामान्यतः मिस्साविना करण्याची प्रथा याच कारणाने आहे. मिस्सासह विवाह हवा असल्यास बिशपांची संमती लागते, आणि तीसाठी वधूवरांनी आपल्या धर्मगुरूंशी विवाहाच्या तारखेपूर्वी पुरेसे आधी बोलावे.