परळच्या रक्ताची शिकवण

परळला केईएम रुग्णालय आणि शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झालं. देणगीदारांची अट होती की इथले सगळे अध्यापक भारतीय असावेत, कारण त्या काळात मोठ्या जागा गोऱ्यांनाच मिळत. आजूबाजूला गिरण्याच गिरण्या. मागावर हात सापडलेला, रुळांवर जखमी झालेला, बाळंतपणात अडलेली बाई, सगळ्यांना इथेच आणायचे. कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेली ही माणसं. त्यांचं रक्त तपासता तपासता परळनं जगाला एक नवा रक्तगट दाखवला: बॉम्बे गट. मी याच भागातल्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, आणि या इतिहासाचा मला मनापासून अभिमान आहे.

रक्तगट दोन बाजूंनी तपासतात. आधी रुग्णाच्या तांबड्या पेशींवर अँटी-ए आणि अँटी-बी घालून बघायचं. मग उलट तपासणी: रुग्णाचं सीरम तीन नळ्यांत घ्यायचं आणि त्यांत ए, बी आणि ओ गटाच्या माहीत असलेल्या पेशी घालायच्या. नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या की तळाला पेशींचं लाल बटण बसतं. बोटानं हलकेच टिचकी मारायची. माणूस साधा ओ गटाचा असेल तर ओ पेशींच्या नळीतलं बटण धुरासारखं वर उठतं आणि सगळा द्रव एकसारखा तांबडा होतो. बॉम्बे गटाच्या माणसाच्या सीरममध्ये मात्र ते सुटतच नाही; घट्ट गोळा नळीत तसाच फिरत राहतो. पहिल्या तपासणीत तो ओ दिसलेला असतो, आणि इथे त्याचं सीरम ओ पेशींनाही परकं मानतं.

असा निकाल समोर आल्यावर ‘सीरम खराब असेल’ म्हणून नळी टाकून देणं सोपं होतं. परळच्या डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी तसं केलं नाही. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी मे १९५२ च्या ‘लॅन्सेट’मध्ये तीन माणसांच्या या वेगळ्या रक्ताची नोंद छापली.

पुढे उलगडा झाला तो असा. ए आणि बी ही दोन्ही चिन्हं म्हणजे पेशीवरच्या साखळीला जोडलेल्या शर्करा. पण त्याआधी त्या साखळीवर फ्युकोज नावाची शर्करा बसावी लागते. ती बसली की तिला एच म्हणतात. ओ माणसाकडे नुसता एच असतो. बॉम्बे गटात एचच नाही, मग ए-बी चढणार कशावर? १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी अशाच एका आईची नोंद केली. तिच्या रक्तात बी दिसत नव्हता, तरी तो तिच्याकडून मुलीत उतरला होता. जनुक अंगात असणं आणि त्याचं काम दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकं उघडपणे दाखवणारी उदाहरणं तेव्हा फार नव्हती.

आता प्रश्न असा की जनुकाचं हे काम होतं कुठे? रक्तातल्या तांबड्या पेशीत तर केंद्रकच नसतं. तिचा गट आधीच, ती अस्थिमज्जेत वाढत असताना ठरतो. तेव्हा तिच्यात केंद्रक असतं आणि डीएनएवरून आरएनएच्या प्रती निघत असतात. यालाच प्रतिलेखन म्हणतात. पेशी परिपक्व होत आली की केंद्रक आक्रसतं, प्रती काढणं थांबतं आणि केंद्रक बाहेर टाकलं जातं.

त्या केंद्रकात सगळं अस्ताव्यस्त नसतं. ते चाळीसारखं आहे: प्रत्येक गुणसूत्राची आपली खोली ठरलेली. १९९९ साली एडिंबराच्या संशोधकांनी दाखवलं की जनुकांनी गजबजलेलं १९ वं गुणसूत्र आतल्या बाजूला राहतं आणि विरळ जनुकांचं १८ वं कडेला. ऑक्सफर्डच्या पीटर कुक यांनी मांडलं की प्रती काढणारी पॉलिमरेज विकरं ठराविक जागी जमलेली असतात आणि जनुकं त्यांच्यापाशी येतात, सामाईक नळावर यावं तशी. २००४ साली पीटर फ्रेझर यांच्या गटाला उंदराच्या वाढत्या तांबड्या पेशींत लांबलांबची जनुकं एकाच जागी वाचली जाताना दिसली. पुढे जिवंत पेशींत पाहिल्यावर कळलं की पॉलिमरेजचे यातले अनेक जमाव काही सेकंदांत जमतात आणि विखुरतात.

एच घडवणारी दोन जनुकं, एफयूटी-१ आणि एफयूटी-२, याच १९ व्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत. डीएनए सगळीकडे तोच, पण तांबड्या पेशींच्या वंशात पहिलं वाचलं जातं आणि लाळ तयार करणाऱ्या पेशींत दुसरं. भारतातल्या बॉम्बे गटात सहसा आढळतं ते असं: एफयूटी-१ मध्ये ७२५ व्या जागी टी ऐवजी जी. एवढ्या एका अक्षरानं घडणारं विकर निकामी होतं. एफयूटी-२ तर जागेवरून सबंध गळालेलंच असतं. म्हणून या माणसांच्या लाळेतही एच सापडत नाही.

भाटिया यांनी पुढची अनेक वर्षं या रक्ताच्या अभ्यासाला दिली. १९७४ च्या पाहणीत मुंबईत साधारण ७,६०० माणसांमागे एक बॉम्बे गटाचा आढळला. नात्यात लग्नं होतात तिथे हा गट जास्त दिसतो, कारण दोन्ही बाजूंनी तेच बिघडलेलं जनुक यावं लागतं. या माणसाला बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. साधं ओ दिलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून घरात एकाचा बॉम्बे गट निघाला की सख्ख्या भावंडांनी रक्त तपासून घ्यावं. प्रत्येकाचाही तोच गट असण्याची शक्यता निदान चारात एक असते, आणि रात्री-अपरात्री रक्त लागलं तर सगळ्यात आधी उपयोगी पडेल असा दाता बहुधा त्याच घरात असतो.